बोटांपुरतं घट्ट

फिटरच्या परसातल्या झाडाला त्या वर्षी नाशपात्या लागल्या आणि फिटरचा घरात पाय ठरेना. सकाळी दात घासता घासता परसात, चहाचा कप हातात घेऊन परसात, जेवण झालं की पुन्हा परसात. एकेक फळ तो देठापाशी अंगठ्याने दाबून बघायचा. भिंतीवरून शेजाऱ्याचं डोकं दिसलं की म्हणायचा, "बघताय ना? फुकट्याला अक्कल आली!"

पाण्याचे पंप बनवणाऱ्या कारखान्यात त्याने उभा जन्म काढला होता. तयार पंप गळतो का ते तपासायचं, हे त्याचं काम. निवृत्त झाला तरी गल्लीत लहानथोर सगळे त्याला फिटरच म्हणत. बायकोसुद्धा रागावली की म्हणायची, "अहो फिटर, जेवायला येताय की पंप उशाला घेऊन झोपताय?" तिला जाऊन अजून वर्ष झालं नव्हतं.

झाड तिचं. एकुलती एक मुलगी शिकायला घराबाहेर पडली, त्याच आठवड्यात तिने रोपवाटिकेतून एक काटकी आणून परसात लावली. "एक गेली, एक आणलं," एवढंच म्हणाली. पुढे मुलगी शिकली, परदेशात नोकरीला लागली, आणि काटकीचं झाड झालं. दर वर्षी फुलायचं, पण फळाच्या नावाने बोंब. म्हणून गल्लीने त्याचं नाव फुकट्या ठेवलं. ती कुणाचं ऐकून घ्यायची नाही. "नाशपातीचं झाड सावकाश विचार करतं," म्हणायची. "आणि सांगून ठेवते, पहिली फळं माझ्या लेकीची. तिच्याआधी कुणी दात लावायचा नाही."

फिटरने मुलीला फोन लावला.

"लागल्या! फांद्या वाकल्यात! कधी येतेस?"

"बाबा, हिवाळ्याआधी सुट्टी नाही मला. तुम्ही खा की."

"खा की म्हणे! तुझी आई काय म्हणाली होती?"

"आई पुष्कळ काही म्हणायची."

"ते नको सांगूस. हे ती म्हणाली होती."

मुलगी हसली. "मग बरण्यांत भरून ठेवा. आई ठेवायची तशा."

ती थट्टेत म्हणाली, पण फोन ठेवेपर्यंत फिटरच्या डोक्यात चक्र फिरायला लागलं होतं. नाशपाती झाडावर पिकू दिली तर आतून सडते. कडक असताना उतरवावी तर घरात पिकते खरी, पण पिकली की दोन दिवसांत लगदा. हिवाळा गाठायचा तर बरणीशिवाय इलाज नव्हता.

बायको दर मोसमात बाजारातून टोमॅटो, पीच, जे स्वस्त असेल ते आणून बरण्या भरायची. लग्न झाल्यापासून तो ते खात आला होता. पण ती बरण्या भरायची दिवसा, आणि दिवसा हा कारखान्यात. संध्याकाळी घरी यावं तर बरण्या फडताळात रांगेने उभ्या. त्या तिथे कशा येतात हे विचारायचं त्याच्या कधी डोक्यात आलं नाही. पंप पाणी वर कसं चढवतो, हे तिच्या तरी कुठे आलं होतं?

त्याने फळं उतरवली, टोपल्यांत कागद घालून ठेवली, आणि ती पिकायला लागल्याबरोबर मेव्हणीला बोलावणं धाडलं.

मेव्हणी म्हणजे बायकोची धाकटी बहीण. दोन गल्ल्या पलीकडे राहायची. पहाटे बेकरीत पाव भाजायची आणि सूर्य वर आला की मोकळी व्हायची. तिचं तोंड मात्र कधीच मोकळं नसे, म्हणून फिटर तिला टकळी म्हणायचा. दोघी बहिणी बरण्यांचं काम नेहमी मिळून करायच्या.

"भाऊजी, तुम्ही आणि स्वयंपाकघर!" टकळी दारातूनच सुरू झाली. "गेल्या महिन्यात अंडं उकडायला ठेवून झोपलात. छताला चिकटलेलं मी काढलं. बरं, बरण्या कुठायत? ताईच्या?"

"गेल्या."

"गेल्या म्हणजे? पाय फुटले?"

"ती गेली तेव्हा लोक डबे घेऊन यायचे. डबा रिकामा परत कसा द्यायचा? फडताळात भरलेल्या बरण्या होत्या. एकेक देत गेलो."

टकळी पदराने नाक पुसून म्हणाली, "चांगलं केलंत. तिनेही तेच केलं असतं. आता काय उरलंय ते दाखवा."

उरलं होतं ते फार भारी नव्हतं. एक कॉफीची बरणी, दोन सॉसच्या, आणि एक मोठी, जिच्या काठाचा टवका उडालेला. टकळीने कॉफीची उचलून उजेडात धरली. "ही कागद आहे कागद. उकळत्या पाण्यात घातली की तडकली म्हणून समजा. सॉसच्या एकदा भरण्यापुरत्याच असतात. आणि ही मोठी... काठाला टवका म्हणजे झाकण बसलं तरी हवा शिरणार."

"गळती," फिटर म्हणाला. त्याचे डोळे चमकले. हा त्याचा विषय होता.

दोघं तसेच उठून बाजारामागच्या गल्लीतल्या काचसामानाच्या दुकानात गेले. दुकानदारीण खुर्चीतून न उठता दुकान चालवणारी होती. हातात लांब काठी, तिने फळ्या दाखवायची.

"टिकवायला हव्यात? मग वरच्या नकोत, त्या नुसत्या शोभेच्या. तारेच्या कडीच्या नकोत, त्यांचं रबर आता मिळत नाही. त्या खालच्या घ्या. जाड काच, रुंद तोंड, दोन भागांचं झाकण." तिने एक झाकण उकलून दाखवलं. वर पातळ पत्र्याची चकती, तिच्या पोटाला कडेने रबराची रेघ. भोवती आट्यांची रिंग. "रिंग वर्षानुवर्षं चालते. चकती एकदाच. रबरावर काठाचा वळ उठला की ते पुन्हा नीट बसत नाही."

"म्हणजे गॅस्केट!"

"तुम्ही म्हणाल ते, काका."

फिटरने खिशातून एक भिंग काढलं. मग कारखान्यातला पात्यांचा गेज, ज्याच्या पातळ पात्या फटीत सरकवून फट मोजतात. टकळीने कपाळावर हात मारला. त्याने एक बरणी काउंटरच्या काचेवर पालथी घातली आणि काठाखाली कुठे पाती शिरते का ते बघितलं. मग सुलटी केली आणि काठावरून नख गोल फिरवलं. मग टिचकी मारून कान लावला. मग उजेडात धरून बुडाशी बुडबुडा आहे का ते पाहिलं. एक बरणी बाजूला ठेवली, दुसरी घेतली. तिसऱ्या बरणीचा आवाज बद्द आला, ती त्याने परत दिली.

"काका, बरणी घेताय की सून बघताय?"

"सुनेला एवढं तपासलं तर ती उंबऱ्यातूनच पळेल," टकळी म्हणाली. "म्हणूनच देवाने यांना मुलगा दिला नाही."

"तुम्ही दोघी बोला," फिटर खाली बघतच म्हणाला. "इथून एक पाती शिरली तर हिवाळ्यात माझ्या पोरीपुढे आंबलेलं पाणी ठेवावं लागेल."

शेवटी फळीवरचा अर्धा ढीग तपासून झाल्यावर डझनभर बरण्या पसंत पडल्या. परतताना त्याने खोका दोन्ही हातांनी छातीशी धरला होता आणि टकळीला पुढे घालून वाट मोकळी करवत होता. खोक्यात तान्हं मूल असावं तसा चालला होता.

दुसऱ्या दिवशी टकळी बेकरीतून थेट आली. स्वयंपाकघरात मोठं पातेलं चढलं, त्याच्या तळाला जाड फडकं अंथरलं, म्हणजे काच तापल्या पत्र्याला टेकू नये. बरण्या गरम पाण्यात तापत पडल्या. टकळी सोलत होती, दोन भाग करत होती, चमच्याने मधलं बी काढत होती आणि लिंबाच्या पाण्यात टाकत होती, म्हणजे फोडी काळ्या पडू नयेत. साखरेचा पाक एका बाजूला उकळत होता. घरभर असा वास सुटला की शेजाऱ्याचं डोकं भिंतीवर येऊन बसलं ते हलेना.

टकळीने एक साल तोंडात टाकलं.

"ए! पहिली फळं कुणाची?"

"साल म्हणजे फळ नव्हे. कुठल्याही कोर्टात जा."

"तोंडातलं खाली ठेव."

"गिळलं."

फोडी पाकात एक उकळी घेऊन बरण्यांत गेल्या. वर पाक, पण काठापासून बोटभर जागा सोडून. मग काठ पुसायचे आणि झाकणं लावायची. इथे टकळी थांबली.

"आता पुढचं मला नाही येत, भाऊजी. सोलणं, चिरणं, पाक ही माझी कामं. झाकणं ताईची. मला शिवू द्यायची नाही. म्हणायची, तुझं लक्ष तोंडात, हातात नाही."

"झाकणं माझी," फिटर म्हणाला. त्याचा आवाजच बदलला. "ज्या माणसाच्या हाताखालून गेलेला पंप थेंबभर गळला नाही, त्याला झाकण लावायला कुणी शिकवायला नको."

त्याने कपाटामागून एक हत्यार काढलं. रात्री जागून बनवलं होतं. जुना कातडी पट्टा, त्याला लाकडी मूठ. पट्टा रिंगेभोवती टाकायचा, मूठ ओढायची, की रिंग आवळली जाते. टकळीने ते बघून हात जोडले. फिटरने पहिली बरणी बगलेत धरली आणि दात आवळून ओढलं. रिंग करकरली. आणखी एकदा ओढलं.

"आता उघडताना काय कराल?"

"तेव्हाचं तेव्हा. आता मुंगीचा श्वाससुद्धा आत जाणार नाही."

तशा सहा बरण्या आवळून पातेल्यात गेल्या. पाणी झाकणांच्या वर चांगलं चढवलं, झाकण ठेवलं, जाळ मोठा केला. पाणी उकळायला लागलं. फिटर हात मागे बांधून पातेल्याभोवती फेऱ्या घालायला लागला. कारखान्यात साहेब घालतात तशा.

पहिला आवाज आला तेव्हा त्याला वाटलं, पातेलं हललं. ठक्. मग पुन्हा ठक्. मग एक मोठा, बद्द आवाज आला आणि पाणी एकदम पिवळट झालं. फोडी वर तरंगायला लागल्या.

"जाळ बंद करा! बंद करा!" टकळी ओरडली.

एका बरणीचं बूड अख्खं निघालं होतं, चाकूने कापल्यासारखं. बाकीच्या बाहेर काढल्या तर चकत्या वेड्यावाकड्या फुगलेल्या, कुठे घडी पडलेली. एकही सरळ नाही. त्या पाचांतल्या फोडी वाया गेल्या नव्हत्या, पण पुन्हा उकळल्या असत्या तर नुसती खीर झाली असती. टकळीने त्या पातेलीत झाकून ठेवल्या, त्यांना दात लावायची परवानगी नव्हतीच. फुटलेली बरणी तर काचेसकट टाकायची. टोपलीत निम्मीच फळं उरली होती, तीही आज गाठायची होती. उद्या ती कुणाच्या कामाची नव्हती.

फिटर स्टुलावर बसला. पट्टा त्याच्या मांडीवर पडला होता.

"एवढं आवळून गळलं कसं?" तो स्वतःशीच म्हणाला. "कमी पडलं का? आणखी आवळायला हवं होतं?"

टकळी फरशीवर बसून पाणी टिपत होती. "मला एक कळत नाही, भाऊजी. ताईच्या हातात शेवटी शेवटी जोर कुठे होता? सांधे केवढे सुजलेले. कप दोन हातांनी धरायची. दाराची कडी मला काढायला लावायची. तरी झाकणं तीच लावायची. आणि एक बरणी कधी बिघडली नाही."

"कशी लावायची?"

"अशी." टकळीने फडकं टाकलं आणि तीन बोटांच्या टोकांनी हवेत काहीतरी हलकेच फिरवलं. "फिरवायची, अडलं की सोडून द्यायची. मला वाटायचं, जोर नाही म्हणून."

"आणि हात बरे होते तेव्हा?"

टकळीने तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. "तेव्हाही अशीच. अगं बाई! तेव्हाही अशीच!"

फिटरने एक फुगलेली चकती उचलली. उलटी केली, सुलटी केली, भिंगाखाली धरली. मग तो हळूहळू स्टुलावरून उठला.

"आतून."

"काय आतून?"

"मार आतून बसलाय! पाणी आत शिरलेलंच नाही. आतली हवा तापली, तिला बाहेर पडायचं होतं, आणि मी दार आवळून धरलं. ती चकती वाकवून निघाली, नाही निघता आलं तिथे बूड घेऊन निघाली!"

"म्हणजे झाकण ढिलं हवं? मग पाणी आत नाही का येणार?"

"कसं येईल? उकळताना जोर आतून बाहेर. हवा निघून जाते. गार झालं की वाफ बसते, आत पोकळी होते, आणि मग बाहेरची हवाच चकतीला दाबून धरते. बाहेर जायला मोकळीक, आत यायला बंदी!" तो आता जवळजवळ ओरडत होता. "टकळे, हा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह आहे! प्रत्येक पंपात मी तो तपासलाय! तुझी ताई इथे ओट्यावर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवत होती आणि मला एका शब्दाने बोलली नाही!"

"तिला तरी कुठे माहीत होतं?"

"माहीत होतं. फक्त नाव माहीत नव्हतं." त्याने चपला पायात सरकवल्या, त्याही उलट्यासुलट्या. "तू सोलायला घे. मी चकत्या घेऊन येतो. काल मोजून आणल्या होत्या, आता एक बिघडली तर दुसरी नाही."

काचवालीचं शटर जेवणासाठी अर्धं खाली आलं होतं. फिटर वाकून आत शिरला. धापा टाकत त्याने वाकडी चकती तिच्या नाकापुढे धरली.

"ही बघा!"

"मोडून परत करायला आणलीत? घेत नाही आम्ही."

"परत नाही, नवीन द्या! गळायला हवं होतं हो, आणि मी गळू दिलं नाही!"

"काका, बसा जरा. पाणी देऊ?"

"पाणी घरी उकळतंय. चकत्या द्या."

तिने चकत्यांची पुडी काठीने पुढे ढकलली आणि तो शटरखालून बाहेर पडेपर्यंत बघत राहिली. "बरणी घेतल्यावर माणसं खूश होतात," ती आतल्या अंधाराकडे बघून म्हणाली, "पण एवढी?"

घरी टकळीने उरलेल्या फोडी पाकात टाकल्या होत्या. आणखी सहा बरण्या भरून ठेवल्या होत्या. फिटरने फडकं ओलं करून काठ पुसले, चकत्या ठेवल्या, रिंग घेतली. तीन बोटं टेकवली. फिरवली. अडली. बोटं थांबेनात. उभ्या जन्माची सवय, मनगट आपोआप पुढे गेलं.

"सोडा," टकळी म्हणाली.

"पाव फेरा फक्त."

"सोडा म्हणते ना! अडलं की सोडायचं!" तिने त्याचं मनगट धरलं. मग तिला पट्ट्याची आठवण झाली. तिने तो स्टुलावर ठेवला आणि वर ठाण मांडून बसली. "आता काढून दाखवा."

फिटर कपाळावरचा घाम पुसून दुसऱ्या बरणीकडे वळला. बोटांनी लावायचं, अडलं की हात उचलायचा. अशा सहाही बरण्या पातेल्यात गेल्या.

पाणी पुन्हा उकळलं. या वेळी त्याने पातेल्याचं झाकण सारखं उचलून बघायचा सपाटा लावला. "बघ! बघ, निघाली!" झाकणांच्या कडेखालून बारीक बुडबुड्यांच्या सरी वर येत होत्या. "हवा निघाली! जा बाई, जा, सगळ्या जा!"

"अहो झाकण ठेवा, वाफ जातेय!"

"ठेवतो. ती बघ, त्या कोपऱ्यातली, तिचीही निघाली!"

ठरलेला वेळ झाल्यावर बरण्या चिमट्याने एकेक करून बाहेर आल्या. ओट्यावर टॉवेल अंथरला होता, त्यावर एकमेकींना न चिकटता सहा जणी उभ्या राहिल्या. काचेआड फोडी पिवळसर, पारदर्शक दिसत होत्या. फुटलं नव्हतं काही. पण चकत्या मधोमध फुगीरच होत्या, आणि फिटर हात पुढे करून मागे घेत होता.

तेवढ्यात फोन वाजला. मुलगी होती. तिची जेवणाची सुट्टी झाली होती.

"काय चाललंय? काल मावशी म्हणाली, तुम्ही बरण्यांना भिंग लावलं."

"काढल्या आत्ताच! सहा! एक फुटली, म्हणजे आधीची, ते सोड, मोठी गोष्ट आहे, तुझी आई फार हुशार बाई होती. पण चकत्या वर आहेत अजून."

"वाजल्या का?"

"काय वाजल्या?"

"बाबा, तुम्ही तो आवाज कधी ऐकलाच नाही?"

"कुठून ऐकणार?" टकळी मध्येच बोलली. "हे कारखान्यात असायचे. आपण तिघीच असायचो ना घरी."

"मग फोन ओट्यावर ठेवा. बरण्यांजवळ. आणि कुणी बोलायचं नाही. आई बोलू द्यायची नाही. मावशी, तूसुद्धा."

"मी कुठे बोलतेय?"

"मावशी!"

टकळीने तोंडावर पदर दाबला. फिटरने फोन टॉवेलाच्या कडेला ठेवला आणि ओट्यावर कोपरं टेकून वाकला. नळ ठिबकत होता, तो त्याने पिळून बंद केला. रस्त्यावरून एक सायकल गेली. भिंतीवरच्या शेजाऱ्याला टकळीने हातानेच दटावलं.

टक्.

फिटर दचकून सरळ झाला. आवाज मोठा नव्हता. पत्र्याच्या डब्यावर कुणी नखाने एकदाच टिचकी मारावी, एवढाच. डावीकडच्या बरणीची चकती फुगलेली होती ती खोलगट झाली होती.

"एक!" फोनमधून मुलगी कुजबुजली.

टक्. ही मागची होती. त्याने चकती खाली बसताना डोळ्यांनी पाहिली.

कारखान्यात पास झालेला पंप आवाज करत नाही. नापास झालेलाच फुसफुसतो, शीळ घालतो, थेंब टाकतो. फिटरने जन्मभर कान लावून नापासांचेच आवाज ऐकले होते. पास झालेली वस्तू आपण होऊन सांगते, हे त्याला पहिल्यांदाच कळत होतं. आणि त्याच्याच घरात, याच ओट्यावर, दर मोसमात ती हे ऐकत उभी असायची. त्याचे डोळे भरून आले आणि त्याच वेळी त्याला हसू आवरेना. टकळीकडे बघावं तर तिचीही तीच गत. पदर तोंडावर, खांदे गदगदत होते, आणि बोलायची बंदी असल्यामुळे जीव जात होता.

टक्. टक्. या दोघी एकापाठोपाठ वाजल्या, जणू त्यांच्यात पैज लागली होती.

मग बराच वेळ काही नाही. फिटरने श्वास धरला. पाचवी वाजली ती एवढी अचानक की त्याने ओट्यावर थाप मारली. "पास!"

"गप्प!" पलीकडून मुलगी ओरडली.

सहावी वाजेना. तिघं थांबली. बरण्यांवरचं पाणी वाळलं. मुलीची सुट्टी संपत आली. फिटरने शेवटी बोटाने सहाव्या चकतीचा मध्य दाबला. चकती खाली गेली आणि पुन्हा वर आली.

"ही नापास," तो म्हणाला. पण आवाजात दुःख नव्हतं. त्याने रिंग काढली, चकती उचलली आणि भिंग लावलं. "सापडलं! काठावर फोडीचा एक तंतू अडकलाय. काठ नीट पुसलेला नाही. टकळे!"

"मी? पुसायचं काम कुणाचं होतं? फडकं कुणाच्या हातात होतं?"

"माझ्या हातात होतं, पण तू मनगट धरलंस ना!"

"ते रिंगेच्या वेळी! पुसण्याच्या वेळी मी चार हात लांब होते! पोरी, तू सांग, फोनवर ऐकलंस ना?"

"तेव्हा मी फोनवर नव्हते," मुलगी म्हणाली. "भांडू नका. आई असली बरणी ठेवायची नाही, लगेच संपवायची. खा ती."

फिटरने भिंग खाली ठेवलं. "खा कशी? पहिली फळं तुझी."

"पाच आहेत ना माझ्या? हिवाळ्यात येऊन पाचही एकटी खाईन, तुम्हाला चमचाभर देणार नाही. पण ही टिकणार नाही, बाबा. ती तुमची. आणि आत्ता खा, मला पुन्हा कामावर जायचंय. कशी आहे ते सांगा."

फिटरने मांडणीवरून वाडगा घेतला, बरणीत चमचा घातला. फोड गुळगुळीत होती, दोनदा निसटली. तिसऱ्यांदा आली. अजून गरम होती. त्याने ती अख्खी तोंडात घातली आणि डोळे मिटले.

"बाबा? कशी आहे?"

फिटरचा चमचा पुन्हा बरणीत गेला.

"मावशी, बाबा गप्प का झाले? बरे आहेत ना?"

"बरे आहेत, बरे आहेत," टकळी म्हणाली. "तोंड भरलंय. आता दुसरी काढतायत. पाक हनुवटीवरून ओघळतोय, तोही बोटाने पुसून खातायत. आणि मी इथे उभी आहे, सकाळपासून सोललं मी, चिरलं मी, आणि मला कुणी... अहो भाऊजी! तो वाडगा इकडे द्या!"